रंगीत पाने घरात हिरवी का होतात?

पाने हिरवी असतात, हे आपण अगदी लहानपणी शिकतो. पण एखाद्या रोपवाटिकेत पाऊल टाकले, की हे ज्ञान अपुरे वाटू लागते. क्रोटनच्या एकाच पानावर पिवळा, केशरी आणि तांबडा असे तीन रंग असतात. कोलियसचे पान मखमली जांभळे आणि त्याचा काठ पोपटी. कॅलेडियमच्या पानावर तर कोणी कुंचल्याने गुलाबी शिंतोडे उडवले असावेत असे वाटते. फुले चार दिवसांत कोमेजतात. हे रंग मात्र महिनोन्महिने टिकतात. म्हणून आपण असे एखादे झाड हौसेने घरी आणतो आणि बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवतो.

मग काय होते? जूनमध्ये आणलेल्या झाडाचे रूप गणपतीपर्यंत पालटलेले असते. जुनी पाने एकेक करून गळतात. नवी येतात ती लहान आणि बरीचशी हिरवी. दोन पानांमधले अंतर वाढते, खोड लांबट होते आणि खिडकीकडे मान वळवते. घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते माती निकस आहे, कोणी खत घालते, कोणी पाणी वाढवते. त्या जादा पाण्याने मुळे कुजतात आणि झाड खरोखरच मरते.

या प्रकरणातला खरा गुन्हेगार म्हणजे प्रकाशाची टंचाई. ती लवकर लक्षात येत नाही, कारण प्रकाश पुरेसा आहे की नाही हे आपण आपल्या डोळ्यांना विचारतो, आणि या बाबतीत डोळ्यांची साक्ष अगदीच बेभरवशाची असते. हे कसे, ते आपण पाहू. त्यासाठी आधी पानाला रंग येतो कोठून, हे समजून घ्यायला हवे.

रंगांचे चार प्रकार

सूर्यप्रकाशात सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे सर्व रंग असतात. पानातले हरितद्रव्य त्यांपैकी निळा आणि तांबडा प्रकाश भरपूर शोषून घेते. हिरव्याचे शोषण त्या मानाने कमी होते. उरलेला हिरवा प्रकाश आपल्याकडे येतो, म्हणून पान हिरवे दिसते. थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ च्या सुमारास एक सुंदर प्रयोग केला. शैवालाच्या एका तंतूवर त्याने लोलकाने पसरवलेला वर्णपट पाडला आणि त्या पाण्यात ऑक्सिजनकडे धाव घेणारे जीवाणू सोडले. जीवाणूंची गर्दी झाली ती निळ्या आणि तांबड्या प्रकाशाच्या जागी. अन्न तयार करण्याचे काम कोणत्या रंगात जोरात चालते, हे जीवाणूंनीच दाखवून दिले.

आता रंगीत पानांकडे वळू. पानात हिरव्याखेरीज दुसरा रंग मुख्यतः चार प्रकारांनी दिसतो.

पहिला प्रकार म्हणजे हरितद्रव्य नसणे. मनी प्लांटच्या पानावरचा पांढरट-पिवळा पट्टा हा असा प्रकार आहे. तेथे हरितद्रव्य नसते किंवा फारच थोडे असते. कॅरोटिनॉइड ही पिवळी-केशरी द्रव्ये उरली, तर तो भाग पिवळा दिसतो. तीही नसली तर पांढरा. आपल्या अंगणातल्या गुलबक्षीच्या काही जातींतही हिरव्या-पांढऱ्या नक्षीची पाने येतात. कार्ल कोरेन्स याने १९०९ मध्ये याच गुलबक्षीवर प्रयोग करून दाखवले, की बियांपासून येणारी रोपे हिरवी होणार की पांढरी, हे परागकण कोठून आले यावर अवलंबून नसते. बी कोणत्या रंगाच्या फांदीवर धरले यावर ते ठरते. पूर्ण पांढरी रोपे अर्थातच जगली नाहीत. पुढे १९६० च्या दशकात हरितलवकांत त्यांचे स्वतःचे डीएनए असते हे दिसून आले आणि या कोड्याचा उलगडा झाला.

दुसरा प्रकार म्हणजे हिरव्यावर चढवलेला रंग. कोलियसचा जांभळा आणि क्रोटनचा तांबडा रंग अँथोसायनिन या गटातील द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये पेशीतल्या रसात विरघळलेली असतात. आमसुलाचा लाल रंगही याच गटातला. तांबडे पान म्हणजे हिरवेच पान, पण त्याने तांबडा अंगरखा घातलेला असतो.

तिसरा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात नेहमी दिसतो, तो म्हणजे लाल माठ. त्याचा रंग दिसायला कोलियससारखा असला, तरी तो अँथोसायनिनचा नाही. बीटालेन नावाच्या निराळ्याच द्रव्यांचा आहे. बीटाचा रंगही तोच.

चौथा प्रकार भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष आवडावा असा आहे. आपल्या ईशान्य भारतातल्या रेक्स बेगोनियाच्या पानांवर रुपेरी पट्टे असतात. त्यांत चांदीसारखे कोणतेही रंगद्रव्य नसते. पानाची वरची त्वचा आणि खालच्या पेशी यांच्यामध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पाणी आणि हवा यांचा अपवर्तनांक वेगळा, म्हणून तेथे प्रकाश परावर्तित होतो व विखुरतो. साबणाचे पाणी रंगहीन असूनही फेस पांढरा दिसतो, तसेच हे.

दुसरा आणि तिसरा प्रकार घरी तपासता येतो. कोलियसचे एक पान कडकडीत गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवा. पाण्यात जांभळट रंग उतरेल आणि पान हिरवे दिसू लागेल. या पाण्याचे दोन भाग करा. एकात लिंबाचे चार थेंब टाका, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा. पहिला लालसर होईल, दुसरा निळसर-हिरवट छटेकडे झुकेल. आमसुलाच्या पाण्यातही सोडा टाकून पाहा. लाल माठाचे पाणी मात्र लिंबू किंवा सोडा टाकून असे सहजी रंग पालटत नाही. गरम पाण्याचे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे.

पानाचा जमाखर्च

झाडाची प्रत्येक जिवंत पेशी चोवीस तास श्वसन करते, म्हणजे साखर खर्च करते. साखरेची कमाई मात्र दिवसाच, आणि तीही फक्त हरितद्रव्य असलेल्या पेशींत होते. प्रकाश कमी करत नेला, तर एक वेळ अशी येते की पानाची कमाई आणि खर्च नेमके सारखे होतात. जंगलातल्या दाट सावलीत वाढणाऱ्या झाडांत हा बिंदू काहीशे लक्सवर असतो. उन्हातल्या झाडांत तो हजार-दोन हजार लक्सपर्यंत असू शकतो. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक आहे. लक्षात घ्या, दिवसभर नेमका इतकाच प्रकाश मिळाला तर रात्रीच्या खर्चासाठी काहीच शिल्लक राहत नाही. म्हणजे झाड टिकायला त्याहून बराच जास्त प्रकाश हवा, आणि वाढायला त्याहूनही जास्त.

आता रंगीत झाडाची अडचण लक्षात येईल. पानाचा पांढरा भाग कमावत काहीच नाही, पण खायला मात्र असतो. तांबडे अँथोसायनिन बनवायला साखर लागते आणि ते बनवण्याची प्रक्रिया चालू होण्यासाठी सहसा भरपूर प्रकाशही लागतो. शिवाय त्याचे एक काम छत्रीसारखे असते. फार तीव्र उन्हात ते काही प्रकाश स्वतः शोषून खालच्या हरितद्रव्याला वाचवते. काळोख्या खोलीत छत्री कोण उघडील? तेथे झाड नव्या पानात तांबडा रंग घालणे कमी करते आणि मिळेल तो प्रकाश पकडण्यासाठी हरितद्रव्याचा वाटा वाढवते. आपल्याला वाटते झाडाचा रंग बिघडला. वास्तविक उत्पन्न घटल्यावर झाडाने केलेली ती काटकसर असते.

येथे एक फरक ध्यानात ठेवा. पांढऱ्या-हिरव्या नक्षीच्या झाडाला कधीकधी एखादी फांदी पूर्णपणे हिरवी फुटते. हे भरपूर प्रकाशातही घडू शकते. अशी फांदी इतरांपेक्षा जास्त कमावते, म्हणून जोमाने वाढून नक्षीच्या फांद्यांना मागे टाकते. ती फांदी बुंध्यापासून कापणे हाच उपाय. पण सगळीच नवी पाने फिकी किंवा हिरवट येत असतील, तर प्रकाशाचाच प्रश्न आहे असे समजावे.

डोळा का फसतो?

पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर सुमारे पाव लक्स प्रकाश पडतो; निरभ्र दुपारी उन्हात सुमारे १,००,००० लक्स. म्हणजे चार लाख पटींचा फरक! तरीही आपण दोन्ही प्रकाशांत वावरू शकतो. डोळ्याच्या बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलतो, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट होते. उरलेली तडजोड डोळ्यातला पडदा आणि मेंदू करतात. त्यामुळे प्रकाश दहापट झाला तर तो आपल्याला दहापट भासत नाही. एक पायरी वाढल्यासारखा भासतो. शंभरपट झाला तर दोन पायऱ्या. गणितात याला लॉगरिदमी प्रमाण म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे, तर डोळ्याला गुणाकार हा बेरजेसारखा वाटतो.

झाडाचे तसे नाही. मंद प्रकाशात पानाची कमाई प्रकाशाच्या जवळजवळ सम प्रमाणात असते. प्रकाश दहावा हिस्सा झाला, की कमाईही साधारण दहावा हिस्सा. वर्तमानपत्र आपण तीस-चाळीस लक्सच्या प्रकाशातही वाचू शकतो. त्यामुळे "येथे तर छान वाचता येते, मग झाडाला प्रकाश कसा कमी पडेल?" हा प्रश्न आपल्याला बिनतोड वाटतो. पण त्याच जागी क्रोटन उपाशी असते.

पाऊस अडवणारे घर

आता ही गोष्ट आपल्या घरात मोजून पाहू. मुंबई-गोवा महामार्गावरचे रत्नागिरी तालुक्यातले पाली गाव घ्या. रत्नागिरीच्या परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा पावसात टिकण्यासाठी कोकणातले जुने घर बांधले गेले. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, लहान खिडक्या, उतरते कौलारू छप्पर आणि तिरपी झड आत येऊ नये म्हणून खाली ओढलेली पडवी. पावसाळ्यात पडवीला झाप किंवा ताडपत्रीही बांधतात. माजघर तर चारही बाजूंनी खोल्यांनी वेढलेले. जे घर पावसाला इतके चोख अडवते, ते प्रकाशालाही तितकेच चोख अडवते.

पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी उघड्या अंगणात समजा १०,००० लक्स प्रकाश आहे. काळेकुट्ट ढग दाटले तर तो एक-दोन हजारांवरही येतो. भिंतीत एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी खिडकी आहे. तिच्या मध्याच्या उंचीवर, तिच्यासमोर एक पान धरले. खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून अंगणच दिसते, आकाश दिसते ते फक्त वरच्या निम्म्यातून. आकाश सगळीकडे सारखे उजळ मानून हिशेब केला, तर खिडकीपासून एक मीटरवर त्या पानाला अंगणातल्या प्रकाशाच्या सुमारे आठवा भाग मिळतो आणि तीन मीटरवर सुमारे साठावा. म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे १,२५० लक्स आणि १७० लक्स.

आकड्यांकडे जरा बारकाईने पाहा. अंतर तिप्पट झाल्यावर प्रकाश व्यस्त वर्गाच्या नियमाने नवव्या हिश्श्यावर यायला हवा होता. येथे तो सुमारे सातव्या हिश्श्यावर आला. याचे कारण व्यस्त वर्गाचा नियम बिंदूसारख्या लहान उगमाला लागू पडतो. एक मीटरवरून पाहिल्यास खिडकी काही बिंदू नव्हे. तेथे महत्त्वाचे असते ते हे, की पानाला आकाशाचा किती मोठा तुकडा दिसतो. समोर फणसाचे झाड किंवा शेजारच्या घराची भिंत असेल, तर तोही तुकडा लहान होतो.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. जेथे कुंडी ठेवायची, तेथे पानाच्या जागी आपले डोके न्या आणि वर पाहा. आकाश किती दिसते? मुळीच दिसत नसेल, तर ती जागा पावसाळ्यात रंगीत पानांसाठी नाही, खोली डोळ्यांना कितीही उजळ वाटो. हाताची सावली किती ठळक पडते यावरून प्रकाश ओळखावा, असे पुष्कळदा सांगतात. ढगाळ दिवशी ही कसोटी कुचकामी ठरते, कारण तेव्हा सगळे आकाशच दिवा झालेले असते आणि भर अंगणातही ठळक सावली पडत नाही.

दिशांचेही असेच. आकाश पूर्ण ढगाळलेले असताना उत्तरेची आणि दक्षिणेची खिडकी यांत फारसा फरक नसतो. हिवाळ्यात मात्र असतो. पालीचे अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या पडवीत ऊन खोलवर येते. मे महिन्याच्या ८-९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या ३-४ तारखेच्या सुमारास तो दुपारी डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. सारांश, एकाच घरात ऋतूप्रमाणे कुंडीची जागा बदलायला हवी.

काचेच्या कौलाचे गणित

अंधाऱ्या माजघरात उजेड यावा म्हणून छपरात अधूनमधून काचेचे कौल बसवतात. खाली उभे राहिले की ते लख्ख चमकते. ढगाळ आकाश क्षितिजापाशी जितके उजळ असते, त्याच्या सुमारे तिप्पट ते माथ्यावर असते. म्हणजे कौलाने आकाशाचा उत्तम भाग निवडला आहे. पण कौल लहान पडते. शेजारी शेजारी बसवलेल्या दोन काचेच्या कौलांचा उघडा भाग ०.१२ चौरस मीटर धरला, तर त्यांच्या तीन मीटर खाली जमिनीवर अंगणातल्या प्रकाशाचा जेमतेम दोनशेवा भाग पोचतो. १०,००० लक्सच्या दिवशी ५० लक्स! आजीला तांदूळ निवडायला तो पुरतो, कोलियसला नाही.

आता तीच कुंडी दोरीने वाशाला टांगून कौलांपासून एक मीटरवर आणा. येथे व्यस्त वर्गाचा नियम बराचसा लागू पडतो. अंतर एक-तृतीयांश, प्रकाश जवळजवळ नऊपट. म्हणजे अंगणातल्याच्या सुमारे विसावा-पंचविसावा भाग, ४०० ते ५०० लक्स. मनी प्लांटसारख्या वेलीला तेथे निदान तग धरता येईल. कौल तेच, आकाश तेच, बदलले ते फक्त अंतर.

आणखी एक स्वस्त उपाय म्हणजे भिंतीला चुना लावणे. ताजा पांढरा चुना त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परत पाठवतो. उघडा जांभा किंवा शेणाने सारवलेली जमीन त्याच्या कितीतरी कमी. कुंडीच्या मागची भिंत पांढरी असेल, तर पानाच्या मागच्या बाजूलाही थोडा प्रकाश मिळतो.

दिव्याचा हिशेब

खिडकी जवळ नसेल तर विजेचा दिवा चालेल का? चालेल, पण अंतर सांभाळले तर. ९ वॅटच्या एलईडी दिव्यातून साधारण ९०० ल्यूमेन प्रकाश बाहेर पडतो. तो पुढच्या अर्ध्या गोलात सारखा पसरतो असे मानू. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ०.५६५ चौरस मीटर. म्हणून तेथे ९०० ÷ ०.५६५, म्हणजे सुमारे १,६०० लक्स मिळतील. ६० सेंटिमीटरवर ४०० आणि दोन मीटरवर फक्त ३६. छताला लावलेला दिवा झाडाच्या काहीच उपयोगाचा नाही. पानांच्या वर वीतभर-दीड वीत अंतरावर आणलेला तोच दिवा पुष्कळ उपयोगी पडतो. रोज बारा तास लावला तरी महिन्याला सव्वातीन युनिटच वीज लागते. जुना तारेचा दिवा मात्र या कामी वापरू नये. त्याच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी भाग दृश्य प्रकाशात येतो; बाकीची उष्णता इतक्या जवळून पाने करपवते. दिवा आणि वायर यांच्यावर पाण्याचा शिंतोडा उडणार नाही याची काळजी घ्यावी.

कोणते झाड कोठे?

क्रोटन हे एरंडाच्या कुळातले. त्याला रंग टिकवायला दिवसा दहा हजार लक्स आणि त्याहून अधिक प्रकाश हवा. त्याची जागा अंगणात किंवा पडवीच्या अगदी काठावर. कोलियस तुळशीच्या कुळातला. त्याचे खोड बोटांत फिरवून पाहा, तुळशीसारखेच चौकोनी लागते. त्याला पाच ते दहा हजार लक्स आणि सकाळचे कोवळे ऊन मानवते. रेक्स बेगोनिया आणि जांभळ्या-रुपेरी पट्ट्यांचा ट्रेडेस्कँशिया यांना दोन ते पाच हजार लक्स पुरतात, म्हणजे खिडकीची चौकट. अॅग्लोनिमा, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट हजार लक्सच्या आतबाहेर तग धरतात. आतल्या खोलीत ठेवायचेच असेल तर यांच्यातले निवडावे. हे आकडे ढोबळ आहेत, पण क्रम पक्का आहे.

कॅलेडियम हा अळूचा भाऊबंद. पावसात फुटतो आणि पुढे कोरड्या दिवसांत त्याची पाने वाळून जातात. तो मेला असे समजून फेकू नका. मातीत त्याचा कंद झोपलेला असतो. तीव्र ऊन त्याच्या नाजूक पानांना सोसत नाही. म्हणजे "जितका प्रकाश जास्त तितके बरे" हाही नियम सर्वांना लागू नाही. घरातले कोणतेही झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम नेऊन ठेवू नये. सावलीत वाढलेली पाने करपतात. पंधरा दिवसांत हळूहळू बाहेर सरकवावे.

पाण्याचा नियम प्रकाशाशी बांधलेला आहे. प्रकाश कमी तर बाष्पोच्छ्वास कमी, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत तो आणखीच मंदावतो. बोट दोन सेंटिमीटर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, डास होतात. आणखी एक सावधगिरी बाळगावी. कॅलेडियम आणि अॅग्लोनिमा यांच्या पानांत कच्च्या अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंडात गेल्यास आग होते. क्रोटनच्या चिकानेही काहींच्या त्वचेला खाज सुटते. लहान मुलांच्या हाती ही पाने लागू देऊ नयेत.

करून पाहा

कोलियसच्या एकाच झाडाच्या चार सारख्या फांद्या कापा, पाण्यात मुळे फुटू द्या आणि सारख्या मातीच्या चार कुंड्यांत लावा. एकाच झाडाच्या फांद्या घ्यायच्या, कारण त्यांचे आनुवंशिक गुण सारखे असतात. फरक दिसला तर तो जागेचा. पहिली कुंडी खिडकीच्या चौकटीत, दुसरी खिडकीपासून एक मीटरवर, तिसरी तीन मीटरवर आणि चौथी तीन मीटरवरच, पण एलईडी दिव्याखाली ठेवा. खिडकी आणि चौथी कुंडी यांच्यामध्ये, तसेच चौथी आणि तिसरी यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा आडोसा उभा करा.

सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता प्रत्येक जागी लक्स मोजा. शिक्षकांच्या मोबाइल फोनवर प्रकाश मोजण्याचे अॅप घेता येते. फोन पानाच्या जागी ठेवून त्याची पुढची बाजू प्रकाशाकडे करा. अशा मापनात प्रत्यक्ष आकडा थोडा चुकू शकतो, पण दोन जागांचे गुणोत्तर बऱ्यापैकी मिळते आणि आपल्याला तेच हवे आहे. मोजण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी अंदाज करून तो वहीत लिहावा: दुसऱ्या जागेपेक्षा तिसऱ्या जागी प्रकाश किती पट कमी वाटतो?

दर रविवारी खोडावरच्या लागोपाठच्या दोन पानांच्या जोड्यांतले अंतर, पानांची संख्या आणि सर्वांत नव्या पानाचा रंग नोंदवा. रंगासाठी पांढऱ्या कागदावर रंगपेटीने जांभळ्यापासून हिरव्यापर्यंत पाच छटांचे पट्टे करून त्यांना क्रमांक द्यावेत. पाणी मात्र सर्वांना सारखे घालू नका. ज्या कुंडीची वरची माती कोरडी होईल तिलाच घाला आणि किती वेळा घालावे लागले तेही लिहा. सहा आठवड्यांनी आडव्या अक्षावर लक्स आणि उभ्या अक्षावर पानांतले अंतर घेऊन आलेख काढा. चौथी कुंडी तिसऱ्यापेक्षा वेगळी वागली का? वागली असेल, तर खिडकीपासूनचे अंतर हे खरे कारण नसून प्रकाश हेच खरे कारण आहे, असे म्हणायला तुम्हाला आधार मिळेल.

शेवटी वहीतला डोळ्यांचा अंदाज आणि मापकाचा आकडा शेजारी शेजारी मांडा. डोळ्यांनी सांगितलेला फरक बहुधा फारच लहान निघेल. त्यात डोळ्यांचा दोष नाही; ते चांदण्यात आणि उन्हात सारखेच काम करता यावे यासाठी घडलेले आहेत. म्हणून पुढच्या वेळी रोपवाटिकेतून एखादे रंगीत झाड उचलण्यापूर्वी घरातली त्याची जागा ठरवा, तेथून आकाश किती दिसते ते पाहा, शक्य तर मोजा, आणि मगच त्या जागेला झेपेल असे झाड निवडा.